तिथी नसलेला समुद्र : अंदमानच्या किनारे-याद्यांची चिकित्सा

गेल्या वर्षी बलिप्रतिपदेच्या दिवशी आम्ही अंदमानात, हॅवलॉक बेटावर होतो. बेटाचे नाव २०१८च्या डिसेंबरात स्वराज द्वीप झाले. पण पर्यटकांच्या तोंडी अजून जुनेच नाव आहे, म्हणून या लेखातही तेच वापरतो. सहलीच्या छापील कार्यक्रमात त्या दिवसासमोर एलिफंट बीच आणि स्नॉर्केलिंग असे दोनच शब्द होते. दुपारी बोट किनाऱ्याला लागली तेव्हा ओहोटी लागली होती. पाणी ताकासारखे गढूळ. माझे मेव्हणे बासष्ट वर्षांचे, आयुष्यात कधी पोहलेले नाहीत. त्यांना मुखवटा आणि नळी लावून रबरी चाकाला धरायला सांगितले आणि एका तरुण मुलाने ते चाक ओढत त्यांना पाण्यात फिरवून आणले. सारे मिळून आठ-दहा मिनिटे. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "पट्ट्यापट्ट्यांचे दोन मासे दिसले. बाकी सगळा मोडका चुना."

परतीच्या वाटेवर बोटवाल्याने विचारले, कसे वाटले. मी खरे ते सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "अमावस का पानी है, साब. चार-पाँच दिन बाद आते तो कुछ देखते."

हा लेख त्या सहलीची तक्रार म्हणून लिहिलेला नाही. कार्यक्रमात लिहिले होते ते सगळे आम्हाला मिळाले होते. पण बोटवाल्याने एका वाक्यात सांगितलेली गोष्ट आमच्या पत्रकात नव्हती, परतल्यावर जमवलेल्या इतर पत्रकांत नव्हती आणि 'अंदमानातील सर्वोत्तम किनारे' अशा मथळ्याखाली येणाऱ्या लेखांतही नव्हती. ती इतकी एकजात का गळते, हा प्रश्न मला पडला. एखादे हॉटेल किंवा एखादी सहल कंपनी बाजूला ठेवून, 'किनाऱ्यांची यादी' या लेखनप्रकाराचीच तपासणी करावी असे वाटले. दरवर्षी हजारो मराठी कुटुंबे या लेखनावर विसंबून पैसे, रजा आणि कधीकधी जीवही पणाला लावतात. तरी समीक्षा म्हणून त्याकडे कोणी पाहत नाही.

यादीचा साचा

अंदमानच्या मराठी सहलीचा क्रम आता जवळजवळ ठरून गेला आहे. पहिला दिवस सेल्युलर जेल. सावरकरांची 'माझी जन्मठेप' वाचलेल्या पिढीसाठी तो प्रवासाचा हेतूच असतो आणि नव्या पिढीसाठी निदान सुरुवात. त्यानंतर नॉर्थ बे आणि रॉस बेट, मग हॅवलॉक, मग नील (आताचे शहीद द्वीप) आणि परत. हॅवलॉकवर राधानगर, एलिफंट बीच आणि काळापथ्थर. नीलवर भरतपूर, लक्ष्मणपूर आणि सीतापूर. प्रत्येक नावापुढे एखाददुसरे विशेषण. राधानगर म्हटले की 'आशियातला सर्वोत्तम किनारा' हे आलेच.

या शेवटच्या विशेषणाचा उगम माहीत आहे. 'टाइम' साप्ताहिकाच्या आशिया आवृत्तीने २००४ साली राधानगरला ते बिरूद दिले. त्याला वीस वर्षे उलटून गेली. २०२०मध्ये राधानगरला 'ब्लू फ्लॅग' मानांकनही मिळाले. ते मानांकन ठरावीक निकषांवर मिळते आणि पुन्हापुन्हा तपासले जाते. तरीही पत्रकांत अजून जुनाच मान मिरवतो, कारण 'सर्वोत्तम' या शब्दाला निकष लागत नाही.

सर्वोत्तम कशासाठी, हा प्रश्न यादी विचारत नाही. राधानगर हा किनारा चालण्यासाठी, पाण्यात डुंबण्यासाठी आणि सूर्यास्तासाठी खरोखर अप्रतिम आहे. पश्चिमेला तोंड, मऊ वाळू, हळूहळू खोल होत जाणारा तळ आणि मागे उंच झाडांचे रान. पण मुखवटा लावून पाण्यात डोके घालणाऱ्याला तिथे मुख्यतः वाळूच दिसते. यादीत मात्र राधानगर आणि एलिफंट बीच खाली-वर येतात. एक पहिला, दुसरा तिसरा, जणू दोघे एकाच परीक्षेला बसले होते. नाटक आणि भावगीत यांना एकाच गुणपत्रिकेत बसवणाऱ्या समीक्षकाला आपण हसू. किनाऱ्यांच्या बाबतीत मात्र आपण ती गुणपत्रिका घेऊन विमानाची तिकिटे काढतो.

'बीच' या शब्दाने काय पुसले

या गोंधळाचे एक मूळ भाषेत आहे. आपल्या कोकणपट्टीच्या मराठीत किनाऱ्याला एकच शब्द कधी नव्हता. वाळूचा पट्टा ती पुळण. खडकांची ती खडप. खारफुटीचे, चिखलाचे ते खाजण. नदी समुद्राला मिळते ती खाडी. शहराने आपलीशी केलेली ती चौपाटी. यातला प्रत्येक शब्द पायाखाली काय आहे ते सांगतो. म्हणजेच तिथे काय करता येईल आणि काय करू नये, तेही सांगतो. रापण पुळणीवर ओढतात, कालवे खडपात काढतात. यात कोणाची गल्लत होत नसे.

'बीच' या शब्दाने हे भेद एका झटक्यात सपाट केले. अंदमानच्या याद्यांत तर त्याचा परिणाम फारच स्पष्ट दिसतो. स्नॉर्केलिंगला लागते ती खडप, किंवा खरे तर पाण्याखालची प्रवाळाची खडप. लांबलचक पांढरी पुळण जितकी सुंदर, तितकी तिथे पाण्याखाली पाहण्याजोगी वस्ती विरळ, कारण सरकत्या वाळूवर प्रवाळाला बूड धरता येत नाही. ही ढोबळ खूण आहे, तिला अपवाद आहेत. तरीही 'पुळण की खडप' एवढा एकच प्रश्न विचारला तर निम्मी निवड आपोआप होते.

खाजण आणि खाडी हे शब्द तर जिवाशी संबंधित आहेत. अंदमानच्या खारफुटीत आणि खाड्यांत खाऱ्या पाण्यातली मगर राहते. २०१० साली राधानगरजवळच्याच एका कोपऱ्यात स्नॉर्केलिंग करणाऱ्या अमेरिकन तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्यानंतर धोक्याचे फलक लागले, पोहण्याच्या हद्दी आखल्या गेल्या. त्या पुळणीच्या आसपास खाजण आहे का, ओढा समुद्राला मिळतो का, हे यादीने सांगायला हवे. पण जिथे सगळेच 'बीच' असते, तिथे हे सांगायला जागाच उरत नाही.

पांढऱ्या रंगाची गफलत

यादीची सौंदर्यदृष्टी जमिनीवरून पाहणाऱ्याची आहे, याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे तिची रंगांची भाषा. वाळू पांढरीशुभ्र, पाणी निळेशार, प्रवाळ रंगीबेरंगी. तिन्ही विशेषणे तपासून पाहण्याजोगी आहेत.

पांढरी वाळू येते कुठून? उष्ण कटिबंधातल्या बेटांवर तिचा मोठा भाग म्हणजे प्रवाळाचा आणि शिंपल्यांचा चुरा. पोपटमासा आपल्या चोचीसारख्या दातांनी प्रवाळाच्या खडकावरचे शेवाळ खरवडतो, त्याबरोबर खडकही गिळतो आणि तो दळून वाळूच्या रूपाने बाहेर टाकतो. मोठ्या जातीचा एक मासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करू शकतो. म्हणजे ज्या पुळणीचे आपण कौतुक करतो, ती शेजारच्या खडपीची लेक आहे. खडप गेली की पुळणही फार काळ टिकणार नाही. यादी मात्र दोघींना दोन वेगळ्या क्रमांकांवर ठेवते, त्यांचे नाते सांगत नाही.

प्रवाळाच्या रंगाचे तर अगदी उलट आहे. निरोगी प्रवाळ बहुधा तपकिरी, मातकट, शेवाळी दिसतो, कारण त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि प्रवाळाला पोसते. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा एखाद्या अंशानेही काही आठवडे चढून राहिले, तर ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळाचा पांढरा सांगाडा पारदर्शक मांसातून दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. काही प्रवाळ त्या काळात झगझगीत निळे-जांभळेही दिसतात. पाणी लवकर निवले तर प्रवाळ सावरतो, नाहीतर उपासमारीने मरतो आणि त्याच्यावर शेवाळ चढते. म्हणून पाण्याखाली शुभ्र प्रवाळ पाहून "किती सुंदर!" म्हणणारा पर्यटक आजारी माणसाच्या फिकट चेहऱ्याला गोरेपणा समजत असतो.

त्यात पत्रकांवरची छायाचित्रे भर घालतात. पाण्यात लाल रंग सर्वांत आधी शोषला जातो. चार-पाच मीटर खोलीवर तो जवळजवळ मावळतो. चित्रातले लाल-केशरी रंग दिव्याच्या झोताने किंवा संगणकावर परत आणलेले असतात. माझ्या मेव्हण्यांची निराशा काही अंशी या चित्रांची निराशा होती. त्यांनी पाहिलेले सगळे मेलेले नव्हते. त्यातले काही जिवंत, तपकिरी आणि धडधाकट होते; पण जिवंत प्रवाळ कसा दिसतो हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

आपल्या दोन सुट्ट्या

आता बोटवाल्याच्या वाक्याकडे वळू. भरती-ओहोटी रोज असते, पण तिची ताकद रोज सारखी नसते. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या दोनेक दिवसांत उधाण येते. भरती खूप चढते, ओहोटी खूप उतरते, मधल्या वेळात पाण्याला ओढ असते आणि तळाचा गाळ उठतो. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते. त्यात चढउतार कमी, ओढ कमी आणि पाणी त्या मानाने नितळ. आमच्या कोकणात तिथीला तीनने गुणून चाराने भागायचे आणि भरतीची वेळ काढायची, अशी जुनी रीत आहे. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती. हे गणित अंदमानात जसेच्या तसे चालत नाही, कारण भरतीची वेळ प्रत्येक किनाऱ्याची आपापली असते. तिथे पोर्ट ब्लेअरचे, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमचे, भरतीचे तक्तेच पाहावे लागतात. चढउतारही मुंबईपेक्षा बराच कमी, उधाणाला साधारण दोन मीटरचा. पण उथळ प्रवाळावर दोन मीटर म्हणजे पोहणे आणि पाय घासत चालणे यांतला फरक. तिथीचा उधाणाशी असलेला संबंध मात्र चंद्र सगळीकडे एकच असल्यामुळे कुठेही बदलत नाही.

लक्ष्मीपूजन अमावास्येला असते. म्हणजे मराठी माणसाची दिवाळीची सुट्टी नेमकी उधाणावर पडते. शिवाय ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा काळ. डिसेंबर २०१६मध्ये अशाच हवामानात हॅवलॉक आणि नीलवर सुमारे चौदाशे पर्यटक अडकून पडले होते आणि नौदलाची जहाजे पाठवावी लागली होती.

दुसरी मोठी सुट्टी मे महिन्याची. मेच्या उत्तरार्धात "मान्सून अंदमानात दाखल" ही बातमी आपण दरवर्षी आनंदाने वाचतो. त्याच आठवड्यात अंदमानात सहलीसाठी गेलेल्या कुटुंबाचे काय होत असेल, हा विचार ती वाचताना आपल्या मनात येत नाही. त्याआधीचे एप्रिल-मेचे दिवस पाणी सर्वांत शांत आणि सर्वांत तापलेले असण्याचे. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ साली मोठे विरंजन झाले, ते याच उन्हाळी काळात. २०२४च्या एप्रिलमध्ये तर जगभरातले चौथे मोठे विरंजन जाहीर झाले.

म्हणजे शाळेच्या वेळापत्रकाने दिलेल्या आपल्या दोन्ही सुट्ट्या या समुद्राच्या दृष्टीने नाजूक आहेत. यादीला महिना नसल्यामुळे हे कळत नाही. ती बारमाही वर्तमानकाळात बोलते.

दिशेचेही तसेच. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून वाहतो, त्यामुळे बेटांची पश्चिम बाजू आडोशाला येते. पावसाळी वाऱ्यात तीच पश्चिम बाजू खवळते. हवाई बेटांतल्या ओआहूवर हा फरक पराकोटीला जातो. तिथल्या उत्तर किनाऱ्यावर हिवाळ्यात घराएवढ्या लाटा येतात आणि जगभरचे लाटास्वार जमतात. उन्हाळ्यात त्याच किनाऱ्याच्या शार्क्स कोव्ह नावाच्या खडपीत लोक निवांत स्नॉर्केलिंग करतात. नाव एक, जागा एक, पण जानेवारीतला समुद्र वेगळा आणि जुलैतला वेगळा.

दिवसातली वेळ हा तिसरा मुद्दा. अंदमान भारताच्या घड्याळावर चालतो, पण तो आपल्यापेक्षा वीस रेखांश पूर्वेला आहे. तिथे सूर्य सव्वाअकराच्या आसपासच डोक्यावर येतो आणि हिवाळ्यात साडेपाचच्या आत मावळतो. पाण्याखाली उजेड हवा तर सकाळी आठ-नऊलाच पाण्यात असायला हवे. मुंबईच्या सवयीने नाश्ता, अंघोळ आणि मग अकराची बोट असा बेत करणारा पर्यटक उजेड उतरू लागल्यावर पाण्यात जातो.

गोठलेला वर्तमानकाळ

राधानगरला ते बिरूद मिळाले त्याच २००४ सालच्या २६ डिसेंबरला भूकंप आणि सुनामी आली. उत्तर अंदमानात जमीन वर उचलली गेली. एरवी पाण्याखाली असणारी प्रवाळाची पठारे उघडी पडून उन्हात मेली. दक्षिणेला जमीन खचली. पोर्ट ब्लेअर परिसर सुमारे मीटरभर, तर ग्रेट निकोबारचे इंदिरा पॉइंट चार मीटरांहून अधिक. एलिफंट बीचवर आज पर्यटक ज्या वाळलेल्या, आडव्या ओंडक्यांवर बसून छायाचित्रे काढतात, ती त्या लाटेत उन्मळलेली किनाऱ्यावरची झाडे आहेत. त्यानंतर विरंजन झाले, पर्यटक वाढले, बोटींचे नांगर पडले.

काही ठिकाणी प्रवाळ सावरलाही. ही गोष्ट एकाच दिशेने उताराला लागलेली नाही. एखाद्या कड्यावर नवी फूट दिसते, शेजारच्यावर नाही. पण याद्यांतले वर्णन २००४च्या आधीचे, नंतरचे की कालचे, हे वाचणाऱ्याला कळत नाही. पुस्तकाच्या परीक्षणात आवृत्तीचे साल देणे आपण आवश्यक मानतो. प्रवाळाच्या कड्याची आवृत्ती तर दर उन्हाळ्याला बदलते.

लक्षद्वीपचे उदाहरण ताजे आहे. जानेवारी २०२४मध्ये पंतप्रधानांची तिथली स्नॉर्केलिंगची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि लक्षद्वीप एका रात्रीत सर्वांच्या यादीत आले. त्याच वर्षी उन्हाळ्यात तिथल्या प्रवाळाचे मोठे विरंजन झाले. १९९८ ते २०२२ या काळात तिथल्या जिवंत प्रवाळाचे आच्छादन सुमारे निम्म्यावर आल्याचे संशोधकांच्या दीर्घ पाहणीतून पुढे आले आहे. ही बेटे म्हणजे प्रवाळाचाच ढीग. सारी मिळून ३२ चौरस किलोमीटर, वाळूखाली गोड्या पाण्याचा पातळ थर, आणि लाटा अडवायला भोवतालच्या कड्याखेरीज काही नाही. तिथल्या रहिवाशाला कडा म्हणजे घराची भिंत. यादीत तीच भिंत 'आकर्षण' म्हणून येते.

'बंद' या पाटीचे मोल

मग चांगली जागा ओळखावी कशी? माझ्या वाचनातून आणि थोड्याफार पाहण्यातून एक अनपेक्षित खूण हाती लागली. जी जागा कधीतरी बंद असते, तिच्यावर जास्त भरवसा ठेवावा.

वंडूरजवळचे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ साली स्थापन झाले. तिथल्या जॉली बॉय आणि रेड स्किन या दोन बेटांपैकी एका वेळी एकच पर्यटकांसाठी उघडे असते. साधारण नोव्हेंबर ते मे जॉली बॉय, उरलेल्या काळात रेड स्किन. दुसऱ्याला विश्रांती. प्लास्टिक नेता येत नाही. पाण्याच्या बाटलीसाठी अनामत ठेवावी लागते. अनेक पत्रकांत हे ठिकाण गाळलेले असते किंवा 'जादा शुल्कात' असते, कारण परवाना काढा, पहाटे उठा, बाटल्या मोजा, हे सगळे सोयीचे नाही. माझ्या मते तीच गैरसोय त्या जागेचे खरे प्रशस्तिपत्र आहे.

ओआहूवरचा हानाउमा उपसागर १९६७मध्ये संरक्षित झाला. पण संरक्षणाबरोबर कीर्ती आली आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस दिवसाला दहा हजारांपर्यंत माणसे तिथे उतरू लागली. लोक माशांना पाव आणि मटार चारत, प्रवाळावर उभे राहत. नंतर हळूहळू नियम आले. आठवड्यातून सुट्टीचा दिवस, प्रवेशशुल्क, माशांना चारण्यावर बंदी, पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने पाहायचा माहितीपट आणि करोनानंतर आगाऊ नोंदणी व मर्यादित संख्या. थायलंडच्या माया उपसागराला 'द बीच' या २००० सालच्या चित्रपटाने प्रसिद्धी दिली. जून २०१८मध्ये तो बंद करावा लागला आणि जानेवारी २०२२मध्ये उघडला तो बोटींना आत मज्जाव करून. आता दरवर्षी पावसाळ्यात तो काही काळ बंद असतो.

या तिन्ही ठिकाणी 'सर्वोत्तम' या शब्दाने आणलेली गर्दी 'बंद' या शब्दाने आवरावी लागली. ही उदाहरणे आदर्श म्हणून मांडत नाही. बंदीचा भार बहुधा स्थानिकांवर पडतो. १९८७मध्ये मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले तेव्हापासून तिथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला, तो याच भीतीपोटी. आज तिथल्या अनेक घरांतले तरुण पर्यटकांना सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात प्रवाळ दाखवायला नेतात. जाळे टाकणारा आणि मुखवटा देणारा, दोघांचाही समुद्र तोच. 'बंद' कोणी, कोणाला विचारून आणि कोणासाठी करायचे, हा प्रश्न उरतोच.

आक्षेप आणि उत्तर

यावर एक रास्त आक्षेप येईल. पाच दिवसांची रजा, सहा महिने आधी काढलेली तिकिटे, बरोबर आई-वडील आणि लहान मूल. अशा कुटुंबाने भांगाचे पाणी बघत बसायचे का? यादी त्यांच्यासाठीच असते. एकेकाळी अंदमानची माहिती सरकारी अधिकाऱ्यांना आणि नौदलातल्या माणसांना असे. यादीने ती सगळ्यांना दिली. हे मला मान्य आहे. यादीमुळेच माझे मेव्हणे बासष्टाव्या वर्षी पाण्यात डोके घालू शकले, हेही खरे.

म्हणूनच यादी टाकून द्यावी असे माझे म्हणणे नाही. तिच्यात चार-पाच रकाने वाढवावेत, इतकेच. तळ पुळणीचा की खडपीचा? कोणत्या महिन्यात कोणती बाजू आडोशाला? भरतीला जावे की ओहोटीला? नीलवरचा दगडी पूल पाहायला ओहोटीच हवी, तिथे उधाण फायद्याचे. स्नॉर्केलिंगला नेमके उलट. पाण्यात उतरणाऱ्याची तयारी काय? वर्णन कोणत्या वर्षीचे? एवढे दिले तरी सामान्य कुटुंब सहा महिने आधी शहाणी निवड करू शकते. मुहूर्त पाहिल्याशिवाय आपण लग्नाचे कार्यालय ठरवत नाही. तिथी भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली असते. सहल दिवाळीच्या दोन दिवसांऐवजी पुढच्या अष्टमीच्या आसपास ठेवणे, किंवा तारखा बदलता येत नसतील तर त्या दिवसांत राधानगरची पुळण पाहणे आणि खडपीचा नाद सोडणे, यात अवघड काही नाही.

तयारीचा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हवाईत पर्यटकांच्या बुडून होणाऱ्या मृत्यूंत स्नॉर्केलिंग हे सर्वांत मोठे कारण आहे आणि बळी पडणारे बहुतेक बाहेरगावचे असतात. आपल्याकडच्या पत्रकांत मात्र 'पोहता येणे आवश्यक नाही' हे आमिष म्हणून छापलेले असते. ज्याला पोहता येत नाही तो घाबरला की उभा राहतो, आणि उभा राहतो तो प्रवाळावर. एका लाथेसरशी वीस वर्षांची वाढ मोडू शकते. म्हणजे माणसाची भीती आणि प्रवाळाचा मृत्यू या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. घरून निघण्यापूर्वी गावातल्या तलावात चार दिवस मुखवटा लावून श्वास घ्यायची सवय केली तर दोघेही वाचतात. तसेच अंगभर बाह्यांचा सदरा घातला तर क्रीम कमी लागते. प्रवाळाला अपायकारक मानलेली दोन रसायने असलेल्या क्रीमच्या विक्रीवर हवाईने २०२१पासून बंदी घातली आहे. आणि मेलेला का होईना, प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून खिशात घालणे हा भारतात गुन्हा आहे. कठीण प्रवाळ २००१पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. हे सहलीच्या पत्रकात एका ओळीत मावते.

परतण्याच्या आदल्या सकाळी मी एकटाच त्या बोटवाल्याला शोधत जेटीवर गेलो. दिवस तृतीयेचा. पाणी अजून पुरते निवळले नव्हते. आज नेशील का, असे विचारल्यावर त्याने पाण्याकडे पाहिले आणि नकारार्थी मान हलवली. पैसे मिळत असताना नाही म्हणणारा तो मला त्या सहलीत भेटलेला पहिला माणूस. आमच्या पत्रकात एकही नकार नव्हता. पुढच्या खेपेला मी जागा निवडण्याआधी असा नाही म्हणू शकणारा माणूस शोधणार आहे, आणि त्याने सांगितलेल्या तिथीला रजा टाकणार आहे.